मराया मिचेल यांचं आयुष्य आणि पत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नँटकेट बेटावर वाढलेल्या आणि पुढे वासार कॉलेजात खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या मराया मिचेल यांच्याबद्दल वाचकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. सोपे आधी घेतले आहेत, किचकट नंतर. एका उत्तरातला मजकूर दुसऱ्यात परत दिलेला नाही. गरज पडेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मराया मिचेल कोण होत्या? दोन मिनिटांत सांगा.

जन्म 1 ऑगस्ट 1818, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं नँटकेट बेट. क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं घर, दहा भावंडं, मराया तिसरी. वडील विल्यम मिचेल शिक्षक, पुढे बँकेत कॅशियर आणि आयुष्यभर आकाशाचे अभ्यासक. 1836 ते 1856 अशी वीस वर्षं मराया बेटावरच्या अथीनियम वाचनालयात ग्रंथपाल होत्या. 1 ऑक्टोबर 1847 ला त्यांनी दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू पाहिला आणि त्यासाठी डेन्मार्कच्या राजाचं सुवर्णपदक मिळालं. 1849 पासून 19 वर्षं अमेरिकेच्या नाविक पंचांगासाठी शुक्राचं गणित केलं. 1865 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथे वासार कॉलेज सुरू झालं, तेव्हापासून 1888 पर्यंत तिथे खगोलशास्त्राच्या प्राध्यापक आणि वेधशाळेच्या संचालक. 28 जून 1889 ला लिन गावी निधन, दफन नँटकेटलाच.

2. उच्चार 'मारिया' की 'मराया'?

मराया, आणि जोर 'रा'वर. मराठीत 'मारिया' इतकं रुळलंय की शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहावीत.

3. 'अमेरिकेतल्या पहिल्या खगोलशास्त्र प्राध्यापक' आणि 'धूमकेतू शोधणारी पहिली स्त्री' ही दोन्ही विधानं बरोबर आहेत का?

पहिलं अर्धवट बरोबर, दुसरं चूक.

खगोलशास्त्र शिकवणारे प्राध्यापक अमेरिकेत त्यांच्या शंभर वर्षं आधीपासून होते. हार्वर्डचे जॉन विन्थ्रॉप 1761 सालचं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणं, पाहायला न्यूफाउंडलंडपर्यंत गेले होते. मराया या अमेरिकेतल्या खगोलशास्त्राच्या पहिल्या *स्त्री* प्राध्यापक. धूमकेतूंच्या बाबतीत कॅरोलाइन हर्शेल यांनी 1786 पासून एकामागून एक धूमकेतू शोधले होते, तेव्हा मरायांचा जन्मही व्हायचा होता. मराया या धूमकेतू शोधणाऱ्या पहिल्या *अमेरिकन* स्त्री. विशेषण गाळलं की विधान पडतं, आणि मराठी लेखांत नेमकं तेच गळतं.

4. सिनसिनाटीचे प्रोफेसर मिचेल हे त्यांचे नातेवाईक का?

नाही. ते ऑर्म्सबी मॅकनाइट मिचेल, सिनसिनाटी वेधशाळेचे संस्थापक. पुढे यादवी युद्धात सेनापती झाले आणि 1862 मध्ये पीतज्वराने गेले. इंग्रजीत त्यांच्या आडनावात शेवटी एकच 'एल' येतो, मरायांच्या नावात दोन. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गोंधळ होतो. पत्रात लष्कर किंवा ओहायो दिसलं की ते दुसरे मिचेल समजावेत.

5. समुद्रातल्या बेटावरच्या मुलीला खगोलशास्त्र शिकवलं कुणी?

बेटाच्या धंद्याने. नँटकेट हे देवमाशांच्या शिकारीचं बंदर. जहाजं निघाली की दोन-दोन, तीन-तीन वर्षं परतत नसत, अनेकदा थेट पॅसिफिक महासागरात जात. भर समुद्रात आपण कुठल्या रेखांशावर आहोत हे कळायला जहाजावर क्रोनोमीटर लागतो, म्हणजे मूळ ठिकाणची वेळ सांभाळणारं घड्याळ. ते घड्याळ तपासून देण्याचं काम विल्यम मिचेल करत.

हे तपासणं म्हणजे घड्याळ दुरुस्त करणं नव्हे. काट्यांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. सूर्याचे किंवा ताऱ्यांचे वेध घेऊन स्थानिक वेळ काढायची, घड्याळाशी ताडायची आणि फरक लिहून ठेवायचा. असे वेध बऱ्याच दिवसांच्या अंतराने घेतले की घड्याळ रोज किती सेकंद पुढे किंवा मागे जातं ते कळतं. कप्तानाच्या हाती दोन आकडे द्यायचे: आजची चूक आणि रोजची चाल. घड्याळ रोज दोन सेकंद मागे पडत असलं तरी हरकत नाही, ते *रोज तेवढंच* मागे पडलं पाहिजे.

चाल चुकीची काढली तर काय होतं, त्याचा हिशोब सोपा आहे. पृथ्वी 4 सेकंदांत रेखांशाची 1 कला (अंशाचा साठावा भाग) फिरते, आणि विषुववृत्तावर 1 कला म्हणजे 1 सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर. चालीत रोज 2 सेकंदांची चूक राहिली, तर 90 दिवसांत 180 सेकंद, म्हणजे 45 कला. जहाज नकाशावर दाखवलेल्या जागेपासून जवळपास 83 किलोमीटर दूर. रात्री प्रवाळाच्या खडकांजवळून जाताना एवढा फरक जहाज बुडवायला पुरतो.

मरायाने हे काम वडिलांशेजारी बसून उचललं, आणि चौदाव्या वर्षी वडील घरी नसताना एका जहाजाचा क्रोनोमीटर तिने एकटीने तपासून दिला. त्याआधी, 12 फेब्रुवारी 1831 ला बेटावरून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं तेव्हा, दिवाणखान्याच्या खिडकीची चौकट काढून दुर्बीण रोखली होती. वडील डोळा लावून, आणि बारा वर्षांची मराया क्रोनोमीटरवर सेकंद मोजत. ग्रहणातल्या स्पर्शाच्या, म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या कडा एकमेकींना टेकण्याच्या, वेळा नेमक्या मिळाल्या की त्यावरून ठिकाणाचा रेखांश काढता येतो. त्या दिवशीचं ते मोजणं त्यासाठी होतं.

शाळा म्हणाल तर वडिलांची, मग सायरस पीअर्स यांची. कॉलेज नाहीच. उरलेलं गणित अथीनियममधल्या पुस्तकांतून, वाचनालयात वर्दळ नसेल तेव्हा.

6. धूमकेतू 'शोधला' म्हणजे नेमकं काय केलं? दिसला, एवढंच ना?

दिसला हा त्यातला सर्वात छोटा भाग.

तेव्हा मिचेल कुटुंब मेन स्ट्रीटवरच्या पॅसिफिक बँकेच्या इमारतीतच राहायचं आणि वेधाची जागा छपरावर होती. 1 ऑक्टोबर 1847 च्या संध्याकाळी घरात पाहुणे होते. मराया हळूच सटकून वर गेल्या. दुर्बीण तीन इंची भिंगाची, 46 इंच केंद्रांतराची, म्हणजे आजच्या हौशी मंडळींकडे असते तेवढीच. रात्री साडेदहाला ध्रुवताऱ्याच्या वर पाच अंशांवर एक पुसट ठिपका दिसला, जो तिथे असायला नको होता.

'असायला नको' हे कळण्यामागे वर्षं गेलेली असतात. लहान दुर्बिणीत धूमकेतूला शेपूट दिसेलच असं नाही. दिसतो तो कापसाच्या बोळ्यासारखा डाग, आणि आकाशात तसे दिसणारे तेजोमेघ नि तारकागुच्छ पुष्कळ आहेत. त्या भागातला प्रत्येक डाग आधीपासून ओळखीचा असेल तरच नवा डाग खटकतो.

पुढची पायरी म्हणजे तो सरकतो का ते पाहणं. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भाने जागा टिपायची आणि पुढच्या रात्री परत पाहायचं. तो पश्चिमेकडे सरकला होता. मग विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले त्याचे दोन निर्देशांक, मोजून काढायचे. हे आकडे नसतील तर दुसऱ्या वेधशाळेला तो सापडणार नाही आणि दावाही टिकणार नाही. मरायांनी ते काढले. जाहीर करायला मात्र तयार नव्हत्या (प्रश्न 7).

7. वडिलांनी हार्वर्डला लिहिलेलं पत्र वाचलं. त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. समजावाल का?

हे पत्र छोटं आहे, पण आमच्या मते या सगळ्या पत्रव्यवहारात त्याच्याइतकं बोलकं दुसरं नाही. विल्यम मिचेल यांनी ते हार्वर्ड वेधशाळेच्या विल्यम बाँड यांना लिहिलं. अडणाऱ्या जागा अशा.

तारीख. वर 'दहावा महिना, 3' अशा अर्थाचं लिहिलेलं आहे. क्वेकर लोक महिन्यांची नावं टाळत, कारण जानेवारी, मार्च वगैरे नावं रोमन देवांवरून आलेली. ते नुसता क्रमांक देत. 1847 मध्ये दहावा महिना म्हणजे ऑक्टोबरच. 1752 च्या आधीच्या क्वेकर कागदांत मात्र पहिला महिना मार्च धरलेला असतो. तो हिशोब इथे लावू नका.

'फर्स्ट इन्स्टंट'. म्हणजे चालू महिन्याची पहिली तारीख. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत 'इन्स्टंट' म्हणजे हा महिना, 'अल्टिमो' म्हणजे मागचा. याचं 'पहिल्या क्षणी' असं भाषांतर झालेलं पाहण्यात आहे.

'उजेड सहन करत नाही'. धूमकेतूबद्दल असं म्हटलंय. वेध घेताना दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात मोजणीसाठी ताणलेले बारीक धागे दिसावेत म्हणून आत थोडा दिवा पाडत. वस्तू फार मंद असेल तर तेवढ्या उजेडातही ती पुसून जाते. मग धागे न उजळता, अंदाज आणि वेळ यांवर मोजणी करावी लागते. म्हणजे हा धूमकेतू किती मंद होता हे वडिलांनी एका वाक्यात सांगितलं.

'जॉर्जचा आहे का?' जॉर्ज म्हणजे बाँड यांचा मुलगा, तोही वेधकर्ता. जॉर्जने आधीच पाहिलेला धूमकेतू तर नाही ना, एवढंच विचारलंय.

आणि मधेच असं की मराया मला हे जाहीर करू देत नाही, तिला वाटतं ही जुनीच गोष्ट असेल. लेकीचा संकोच, आणि तिच्या पाठीमागे पत्र लिहून टाकणारा बाप. या पत्रानेच पुढे पदक वाचवलं (प्रश्न 8).

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. शेवटी विल्यम बाँड यांना 'दी' असं संबोधतात, म्हणजे इंग्रजीतलं जुनं एकवचन. म्हणून मराठीत 'तू' करावं का, असं विचारतात. आमचं मत, करू नये. क्वेकर हे रूप लहानथोर सगळ्यांना वापरत, कारण माणसामाणसांत पायरी मानायची नाही हा त्यांचा आग्रह. मराठीत बाँड यांना 'तू' म्हटलं की एकतर लंगोटीयार वाटतात, नाहीतर अपमान. 'तुम्ही' ठेवा आणि खाली टीप द्या.

8. पदकाचा वाद काय होता? रोममध्ये कुणीतरी आधी पाहिला होता ना?

आधी नाही. नंतर पाहिला, पण बातमी आधी पोचली.

डेन्मार्कचे राजे फ्रेडरिक सहावे यांनी 1831 मध्ये जाहीर केलं होतं की दुर्बिणीतूनच दिसणारा धूमकेतू जो प्रथम शोधेल त्याला 20 डुकाट (तेव्हाचं सोन्याचं नाणं) किमतीचं सुवर्णपदक. अटी कडक होत्या. धूमकेतू शोधाच्या वेळी नुसत्या डोळ्यांना दिसणारा नसावा. त्याचा फेरा आधीच ठाऊक असलेला नसावा. शोध लागल्यावर *पहिल्याच टपालाने* कळवलं पाहिजे, आणि युरोप खंडाबाहेरच्यांनी ते लंडनला कळवायचं. कळवताना जागा आणि सरकण्याची दिशा जमेल तितकी नेमकी द्यायची.

मरायांनी 1 ऑक्टोबरला पाहिला. रोममध्ये फादर द व्हिको यांनी 3 ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये डॉझ यांनी 7 ला, आणि हँबुर्गमध्ये श्रीमती र्‍युमकर यांनी 11 ला. युरोपात द व्हिको यांची बातमी पसरली. अमेरिकेतून पत्र जायचं तर बोस्टनच्या आगबोटीने दोन आठवडे. पण अडचण नुसती अंतराची नव्हती. मरायांनी लंडनला काही पाठवलंच नव्हतं. अट सरळ मोडली होती.

इथे हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट कामाला लागले. नँटकेटहून वेधांचा तपशील मागवला, बाँड यांच्याकडचं 3 ऑक्टोबरचं पत्र पुरावा म्हणून पुढे केलं, हँबुर्गजवळच्या आल्टोनाचे खगोलशास्त्रज्ञ शूमाकर यांना लिहिलं, आणि कोपनहेगनमधल्या अमेरिकी वकिलातीमार्फत राजदरबारी बाजू मांडली. युक्तिवाद असा की शोधाची तारीख निर्विवाद आहे, आणि अट मोडली ती लपवाछपवीने नव्हे, संकोचाने. डेन्मार्कने ते मानलं आणि 1848 मध्ये पदक मंजूर झालं.

'कुठल्या राजाने दिलं?' हा उपप्रश्न हमखास येतो. जाहीर करणारे फ्रेडरिक सहावे 1839 मध्येच वारले. त्यांच्यानंतरचे ख्रिश्चन आठवे यांनी योजना चालू ठेवली, पण जानेवारी 1848 मध्ये तेही गेले. पदक नँटकेटला पोचलं तेव्हा गादीवर फ्रेडरिक सातवे होते. पदकावर व्हर्जिलची लॅटिन ओळ आहे, तिचा आशय असा: ताऱ्यांचे उदयास्त आपण उगाच न्याहाळत नाही.

9. मग वेळेचा फरक धरला तर मराया खरंच आधी ठरतात का? तारखा तर वेगवेगळ्या गावच्या आहेत.

ठरतात. नँटकेट साधारण 70 अंश पश्चिम रेखांशावर आहे, म्हणजे ग्रिनिचच्या 4 तास 40 मिनिटं मागे. रोम साधारण 50 मिनिटं पुढे. एकूण फरक साडेपाच तास. नँटकेटला 1 तारखेचे रात्रीचे साडेदहा वाजले तेव्हा रोममध्ये 2 तारखेची पहाट, चारचा सुमार. द व्हिको यांनी पाहिला तो 3 तारखेच्या संध्याकाळी. म्हणजे मरायांची आघाडी दीड दिवसाहून थोडी जास्त.

जुने वेध वाचताना एक खाच लक्षात ठेवा. 1925 पर्यंत खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यरात्री नव्हे, दुपारी बाराला सुरू होई, म्हणजे एका रात्रीचे वेध एकाच तारखेखाली यावेत. त्यामुळे एखाद्या वेधवहीत '2 ऑक्टोबर, 16 तास' दिसलं तर ती आपल्या हिशोबाने 3 ऑक्टोबरची पहाट, चार वाजता. रात्री साडेदहाच्या वेधाला हा फरक पडत नाही. पत्रांमध्ये मात्र सहसा लौकिक तारीखच असते. वही आणि पत्र यांत एक दिवसाचा फरक दिसला तर आधी हे तपासा, मगच चूक शोधा.

10. हा धूमकेतू परत येणार आहे का?

नाही, ठरावीक फेऱ्याने परतणाऱ्यांपैकी तो नाही. आजच्या यादीत त्याची खूण 'सी/1847 टी1' अशी आहे: 'सी' म्हणजे फेरा नसलेला, 'टी' म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, 1 म्हणजे त्या पंधरवड्यातला पहिला.

11. 1849 च्या पुढच्या कागदांत त्यांना 'कॉम्प्युटर' म्हटलंय. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे हाताने गणित करणारी व्यक्ती. अमेरिकेच्या नाविक पंचांगाचं काम नव्याने सुरू झालं होतं, चार्ल्स हेन्री डेव्हिस त्याचे प्रमुख. त्यांनी मरायांना शुक्र दिला, वर्षाला 300 डॉलरवर. आपल्या गणितज्ञांत एकच स्त्री आहे, तेव्हा तिला शुक्रच द्यावा, असा विनोदही डेव्हिस यांनी पत्रात केला. विनोद जुना झाला, काम खरं होतं.

काम कसं असे? आधी तक्त्यांवरून शुक्राची सूर्याभोवतीची जागा, मग पृथ्वीची, आणि दोन्हींवरून पृथ्वीवरून दिसणारी जागा, अशी वर्षभराची. गुणाकार टाळायला लॉगरिदमची कोष्टकं. चूक धरायची युक्ती साधी होती: लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक शेजारी लिहायचा, मग त्या फरकांतला फरक. ग्रह झटके देत चालत नाही, म्हणून हे स्तंभ गुळगुळीत उतरले पाहिजेत. कुठे अचानक उडी दिसली की तिथे बेरीज चुकली किंवा कोष्टकातली शेजारची ओळ वाचली गेली. हे घरी बसून, टपालाने, वाचनालय सांभाळून चाले.

12. अमेरिकन अकादमीच्या सभासद झाल्या की 'मानद'?

1848 मध्ये अमेरिकन अकादमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसने त्यांना निवडलं, पहिली स्त्री म्हणून. छापील प्रमाणपत्रातलं 'सर' आणि 'फेलो' खोडून हाताने 'मानद सभासद' लिहिलेलं होतं. पुढची स्त्री सभासद निवडायला अकादमीला 1943 उजाडलं.

13. युरोपच्या प्रवासातली रोमची पत्रं इतकी चिडलेली का आहेत?

1857 मध्ये मराया एका श्रीमंत घरच्या मुलीची सोबतीण म्हणून निघाल्या. त्याच वर्षीच्या आर्थिक पडझडीत त्या घरचा पैसा गेला, मुलगी परतली, मराया पुढे गेल्या. ग्रिनिचला तिथल्या वेधशाळेचे प्रमुख एअरी भेटले. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या घरी पाहुणचार झाला आणि त्यांनी आत्या कॅरोलाइनच्या हस्ताक्षरातला एक कागद भेट दिला. पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए, फ्लॉरेन्समध्ये विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल, बर्लिनमध्ये वृद्ध निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट. फ्रान्सहून रोमपर्यंत हॉथॉर्न या कादंबरीकाराच्या कुटुंबाची सोबत होती.

रोममध्ये धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ फादर सेक्की यांची वेधशाळा कॉलेजिओ रोमानोत होती, धार्मिक संस्थेच्या आवारात, आणि तिथे बाईला मज्जाव. सॉमरव्हिल यांनाही आत सोडलेलं नव्हतं. मरायांनी अर्ज केला, खेटे घातले, आणि अखेर परवानगी आली. आत गेल्या, यंत्रं पाहिली. तेजोमेघ पाहायचेत म्हटल्यावर सेक्की म्हणाले, तुमची परवानगी दिवसाउजेडापुरती आहे. उजेड तर चाललाच होता. दुर्बीण आहे, खगोलशास्त्रज्ञ आहे, अंधार पडतोय आणि आता निघा! रोजनिशीत या प्रसंगाला उपहासाची धार आहे, ती भाषांतरात बोथट करू नये.

14. वासारमध्ये पगार किती होता? पुरुषांपेक्षा खरंच कमी?

हो. सुरुवातीला वर्षाला 800 डॉलर, शिवाय स्वतःची आणि वडिलांची राहण्या-जेवण्याची सोय. पुरुष प्राध्यापकांना 2,000 च्या वर. काही वर्षांनी मराया आणि कॉलेजच्या डॉक्टर-प्राध्यापक अ‍ॅलिडा अ‍ॅव्हरी या दोघींनी मिळून बरोबरीचा पगार मागितला आणि पदरात पाडून घेतला. काही लेखांत 800 हा शेवटपर्यंतचा पगार म्हणून दिलेला असतो. तसं नाही.

15. वासारची दुर्बीण कोणती, आणि त्या शिकवत कशा?

हेन्री फिट्झ यांनी घडवलेली, 12 इंचांहून किंचित मोठ्या भिंगाची, त्या वेळी देशातल्या सर्वात मोठ्यांपैकी. भिंग हवं तसं उतरलेलं नव्हतं. 1868 मध्ये अल्व्हन क्लार्क यांच्याकडून ते पुन्हा घासून घेतल्यावर प्रतिमा सुधारली. म्हणून 1868 च्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना करताना जपून. मरायांची स्वतःची दुर्बीण वेगळी, पाच इंची, क्लार्क यांचीच. ती अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून भेट दिलेली.

शिकवण्यात गुण देणं त्यांना मान्य नव्हतं. बुद्धी मोजायचं एकक कुठे आहे, असं त्या विचारत. हजेरीच्या शिस्तीचाही तिटकारा. विद्यार्थिनीने स्वतः वेध घ्यायचे, स्वतः गणित करायचं. गुरू आणि शनीच्या पृष्ठभागांच्या नोंदी, सूर्याच्या डागांची छायाचित्रं, 1882 च्या शुक्राच्या अधिक्रमणाची छायाचित्रं ही कामं या पद्धतीने झाली. दरवर्षी घुमटाखाली मेजवानी व्हायची आणि प्रत्येक मुलीवर त्या चार ओळींची कविता करायच्या. कविता म्हणून बेताच्याच आहेत, पण मुलींनी त्या जपून ठेवल्या. मेरी व्हिटनी पुढे त्यांच्याच जागेवर आल्या. खगोलशास्त्रज्ञ अँटोनिया मॉरी आणि रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॉलो रिचर्ड्स याही त्यांच्या विद्यार्थिनी.

16. 1878 च्या ग्रहणात सामान हरवलं होतं, ते काय प्रकरण?

29 जुलै 1878 चं खग्रास ग्रहण पाहायला त्या पाच साहाय्यिकांसह डेन्व्हरला गेल्या. कोलोरॅडोत तेव्हा सांता फे आणि रिओ ग्रांदे या दोन रेल्वे कंपन्यांची हक्कावरून मारामारी चालू होती. त्यात प्युब्लोच्या पुढे सामान अडकलं. दुर्बिणीचे भाग वेळेत आले नाहीत तर खग्रास अवस्था कुणासाठी थांबत नाही, आणि ती होती अवघी 2 मिनिटं 40 सेकंद. सामान शेवटी पोचलं. गावाबाहेरच्या टेकाडावर तंबू ठोकला, कामं वाटून घेतली. एकीने वेळ मोजायची, बाकीच्यांनी सूर्याभोवतीचं प्रभामंडळ, ग्रह, रंग पाहायचे. मोजणारीने वर पाहायचं नाही. बारा वर्षांच्या मरायाला 1831 मध्ये मिळालेलं काम हेच (प्रश्न 5). 1869 च्या ग्रहणाला त्या आयोवात बर्लिंग्टनला गेल्या होत्या, दोन्हींची गल्लत करू नका.

17. पत्रं आणि रोजनिशी वाचायची कुठे? कुठली आवृत्ती घ्यावी?

धाकटी बहीण फीबी मिचेल केंडॉल हिने संकलन करून 1896 मध्ये बोस्टनला 'जीवन, पत्रे आणि रोजनिशी' अशा अर्थाच्या नावाने पुस्तक काढलं. ते आता स्वामित्वमुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, आणि मराठीत भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ते बहिणीने केलेलं पुस्तक आहे, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. मजकूर निवडलेला, छाटलेला, घरच्यांना शोभेल असा. तारखा नसलेले तुकडे एकमेकांना जोडलेले. एखाद्या वाक्यावर लेख उभा करणार असाल तर फक्त या पुस्तकावर भिस्त ठेवू नका.

2001 मध्ये वासारचेच खगोलशास्त्राचे प्राध्यापक हेन्री आल्बर्स यांनी मूळ कागदांवरून नवं संकलन केलं. त्यात जास्त मजकूर आहे. त्यावर मात्र स्वामित्वहक्क आहे. मूळ कागद नँटकेटच्या मराया मिचेल असोसिएशनकडे आणि वासारच्या दफ्तरात आहेत.

कामाची पद्धत: आधी 1896 चं पुस्तक सलग वाचा, हवे ते उतारे तारखेसकट टिपा, मग आल्बर्समध्ये त्याच तारखा पडताळा.

18. तरुणपणीची पत्रं जवळजवळ नाहीतच. हरवली का?

13 जुलै 1846 च्या रात्री नँटकेटचा मध्यभाग जळाला. देवमाशाच्या तेलाची पिंपं पेटलेल्या गावात आग कशी पसरते ते सांगायला नको. अथीनियमही पुस्तकांसकट गेलं. पण मिचेलांचं घर वाचलं होतं. मग कागद कुठे गेले? असं सांगतात की आगीनंतर लोकांची खासगी पत्रं रस्त्यावर उडताना आणि कुणीही ती वाचताना मरायांनी पाहिली, आणि घरी येऊन आपले कागद स्वतःच जाळले. म्हणून धूमकेतूच्या आधीची मराया कळते ती बहुतेक इतरांच्या लिखाणातून, किंवा त्यांच्याच उतारवयातल्या आठवणींतून. एखादं पत्र '1840 चं मरायांचं' म्हणून फिरताना दिसलं तर मूळ प्रत कुठे आहे ते आधी विचारा.

19. क्वेकर होत्या म्हणता, मग चर्चला जायच्या असंही वाचलं.

1843 मध्ये क्वेकर सभेतून त्यांचं नाव कमी झालं. श्रद्धा पूर्वीसारखी राहिली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पुढे युनिटेरियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जात. साधा पोशाख मात्र क्वेकरांचाच राहिला. लग्न केलं नाही.

20. त्यांच्या नावाचं चंद्रावर विवर आहे म्हणतात. ते आपल्याकडून दिसेल का?

दिसेल, आणि त्यांच्या तीन इंची दुर्बिणीपेक्षा लहान, 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही. 'मिचेल' हे सुमारे 30 किलोमीटर व्यासाचं विवर आहे, 'अ‍ॅरिस्टॉटेलिस' या 87 किलोमीटरच्या विवराच्या पूर्व काठाला चिकटलेलं.

शुक्ल षष्ठी-सप्तमीची संध्याकाळ धरा. तेव्हा उजेड-अंधाराची सीमा त्याच्या जवळून जाते आणि सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला पाहिलंत तर सावली नसते, काठ विरघळून जातात आणि काहीच ओळखू येत नाही, ही नेहमीची चूक. दुर्बीण 50 ते 80 पट वर्धनावर ठेवा. चंद्राच्या उत्तर टोकाजवळ 'मारे फ्रिगोरिस' हा आडवा राखाडी पट्टा शोधा. त्याच्या दक्षिण काठावर पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींचं मोठं, ठसठशीत विवर ते अ‍ॅरिस्टॉटेलिस. त्याच्या पूर्वेला, चंद्राच्या आधीच उजळलेल्या बाजूला, भिंतीला भिंत लावून बसलेलं उथळ, खडबडीत तळाचं ते मिचेल. प्रतिमा उलटी किंवा आरशासारखी दिसत असेल तर आधी दुर्बीण स्थिर ठेवून चंद्र कुठल्या बाजूला सरकतो ते पाहा. सरकतो ती आकाशातली पश्चिम. चंद्राच्या नकाशावरची पूर्व तीच, म्हणजे मिचेलही त्याच बाजूला.